किल्ले ब्रॅनॉक आणि उलट्या घोड्याचा शिक्का

“कप्तानसाहेब, कोमांची या किल्ल्यावर चालून आले, ती तारीख कोणती?”

ऐसा सवाल शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, ज्येष्ठ वद्य तृतीयेस, इंग्रजी जून माहे, वार शनिवार, भर दोन प्रहरी, टेक्सास सुभ्यात किल्ले ब्रॅनॉकचे मैदानावर, साठसत्तर प्रेक्षक, दोन कुत्री व एक तोफ यांसमक्ष, राजश्री जोरीबाई वॉक्वा, वस्ती लॉटन, प्रांत ओक्लाहोमा, वय वर्षे पंधरा, यांनी हात वर करून विचारला. आणि त्या सवालापासोन जो प्रसंग उद्भवला, जी धावपळ जाहली, ज्या मुंग्या चावल्या आणि जी फत्ते पावली, तो सर्व मजकूर जैसा घडला तैसा, कमी काही नाही, जास्त थोडासाच, येथे लिहिला असे. वाचणारांनी चित्त एकाग्र करावे, आणि उन्हाळ्याचे दिवस आहेत, जवळ पाणी घेऊन बसावे.

सवालाचे कूळमूळ ऐसे. त्या दिवशी प्रातःकाळी कोमांची नामे अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांपैकी जे वॉक्वा घराणे, त्याची स्वारी पिकअप गाडीत बसोन लॉटनहून दक्षिणेस कूच जाहली. बिनीवर तीर्थरूप लीलँडराव, त्यांजकडे गाडी हाकणे, बर्फाची पेटी वाहणे आणि काठीने साप हाकणे ही तीन खाती. शेजारी मातोश्री रमोनाबाई, घराण्याच्या मुद्राधारी. चंदावलीस, म्हणजे मागील बाकावर, मध्ये खासा जोरीबाई आणि दोहो बाजूंस टेगन व शेल्बी या कोमांचीच बालमैत्रिणी, ज्यांस सरदार म्हणावे तर हुकूम ऐकत नाहीत, आणि गनीम म्हणावे तर आपल्या पाकिटातले चिप्स वाटून देतात. तांबडी नदी ओलांडून टेक्सासचा मुलूख लागला, तेव्हा टेगनीने मसलत काढिली.

“किल्ल्यावरच्या त्या निळ्या कोटवाल्या कप्तानाला विचारशील? कोमांची कधी आले होते म्हणून? भर भाषणात?”

“विचारीन की.”

“हॅ! तू बुटाच्या नाडीशी बोलशील,” शेल्बी म्हणाली. “मागच्या वर्षी बाथरूमला जायचं तरी सरांना चिठ्ठी द्यायचीस.”

“ते मागचं वर्ष झालं.”

आणि हे खरेच होते. कारण गेल्या एप्रिलात भाषांच्या जत्रेत जोरीबाईंनी हाती कागद न घेता, दोन मिनिटे बारा सेकंद, निखळ कोमांची बोलीत भाषण केले, आणि वडीलधाऱ्या बायांनी डोळे पुसले, आणि तेव्हापासोन बाईंचे तोंडास जे कुलूप होते ते कोठे गेले ते कळेना, आणि घरच्यांनी कितीही शोधिले तरी ते पुन्हा सापडेना.

परंतु मोहिमेचा मूळ इरादा सवाल विचारणे हा नव्हता. वॉक्वा घराण्यास अकरा वर्षांपासोन लेटरबॉक्सिंगचा नाद. तो नाद ऐसा की, कोणी एके ठिकाणी दगडाआड, झाडाचे ढोलीत, पुलाखाली डबा लपवावा, आत एक वही आणि हाताने कोरलेला रबरी शिक्का ठेवावा, आणि ठिकाणाचा माग कोड्यात लिहून जाहीर करावा; मग शोधणारांनी रान तुडवीत यावे, डबा हुडकावा, त्यातील शिक्का आपल्या वहीत उमटवावा, आपला शिक्का त्याचे वहीत उमटवावा, डब्याचा शिक्का पुसोन स्वच्छ करावा, आणि डबा होता तैसा झाकोन, कोणी पाहत नाही हे पाहोन निघोन जावे. लाभ म्हणाल तर गोचीड.

या नादात ज्याचा शिक्का तेच त्याचे नाव. वॉक्वांचा शिक्का म्हणजे कासव, मातोश्रींनी स्वहस्ते कोरलेले, चारशे बारा वह्यांत उमटलेले, आणि त्या एका कासवाचे पाठीवर तिघांचा कारभार चाले. परंतु जोरीबाई पंधरा वर्षांच्या जाहल्या आणि त्यांनी मनी धरिले की आता आपली मुद्रा वेगळी. मग गुलाबी खोडरबर घेऊन, तीन दिवस खपून, अंगठ्यास दोन चिरे पाडून त्यांनी घोडा कोरला: आयाळ उडते आहे, शेपूट ताठ आहे, पुढले दोन्ही पाय हवेत, आणि उजवीकडे ऐसा झेपावला आहे की जणू गनिमाचे तोफखान्यावरच तुटून पडतो. मग शाई लाविली, कागदावर दाबिला, उचलिला, आणि पाहतात तो घोडा डावीकडे निघाला. कारण रबरावर जे उजवे ते कागदावर डावे, ही गोष्ट शिक्के कोरणारे लोक पहिल्याच दिवशी शिकतात आणि कोरणी हाती घेताच विसरतात.

“अगं, हा तर पळून चाललाय!” टेगन म्हणाली होती.

“लढाई सुरू व्हायच्या आधीच!” शेल्बीने पुस्ती जोडिली.

मातोश्रींचे फर्मान सुटले की, उलटा घोडा कोणत्याही डब्याचे वहीत उमटवू नये, नवे रबर घेऊन सुलटा कोरावा, आणि तोपर्यंत कासवाखालीच राहावे. जोरीबाईंनी फर्मान ऐकिले, होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही, आणि घोडा खिशात घातला.

आता किल्ल्याचे वर्णन. मऱ्हाटी वाचणारांनी किल्ला म्हणताच बुरूज, महाद्वार आणि चोरदिंडी डोळ्यांपुढे आणू नये. किल्ले ब्रॅनॉकास तट नाही, खंदक नाही, दरवाजा नाही, आणि आले कोणी तर अडवावे कोठे हा प्रश्न दीडशे वर्षांत कोणी मनावर घेतला नाही. माळावर छावणी घातली आणि त्या छावणीसच किल्ला म्हटले. पुढे घरे पडली आणि धुराडी राहिली: तीन दगडी धुराडी पूर्वेस, तीन पश्चिमेस, बरोब्बर सारख्या अंतराने, आणि मध्ये दारूगोळ्याचे कोठार. भोवती गवत, मेस्कीटची काटेरी झुडपे आणि निवडुंग. निवडुंगाने मात्र आपला तट चोख राखिला असे.

किल्लेदार कप्तान हॉलिस क्रेनशॉ हे सोमवार ते शुक्रवार तालुक्याचे गावी दातांचे डॉक्टर आणि शनिवारी घोडदळाचे कप्तान. पारा एकशे चार फॅरनहाइटवर चढला असता अंगी निळा लोकरी कोट, कमरेस तरवार, मिशीस मेण. हाताखाली सहा शिपाई, अवघे हौशी. घोडदळ खरे, परंतु घोडा एकही नाही.

तर कप्तानांनी त्या दोन प्रहरी तोफेस टेकोन सांगितले की, या किल्ल्यावर कोमांची वावटळीसारखे पुन्हा पुन्हा चालून आले, आणि मूठभर शूर शिपायांनी पुन्हा पुन्हा त्यांस परतविले. तेव्हा जोरीबाईंचा हात वर गेला आणि आरंभी लिहिला तो सवाल जाहला.

कप्तान म्हणाले, “तारीख? म्हणजे... बऱ्याच वेळा आले.”

“त्यातली एक सांगा.”

“एकदम एक अशी...”

“साल पण चालेल. ऋतू सांगितला तरी चालेल.”

लोक हसले, एक कुत्रे भुंकले, आणि कप्तानांचे मिशीचे मेण वितळो लागले. परंतु मनुष्य खरा होता. दाताची कीड पेशंटापासोन ज्याने कधी लपविली नाही तो इतिहासाची तरी किती लपवील? त्यांनी प्रांजळपणे सांगितले की, किल्ल्याची जुनी रोजनिशी, जी पुढे गहाळ जाहली, ती वर्बीना टटल नामे वृद्ध राखणदारीणबाईंचे वाचनात होती. बाई लेटरबॉक्सिंगच्या मोठ्या नादी. त्यांनी रोजनिशीतील कोमांचींचा मजकूर उतरून घेतला आणि किल्ल्यातच एका डब्यात लपविला. मग त्या अर्कान्सासास बहिणीकडे गेल्या आणि तेथे निवर्तल्या. आणि सहा वर्षे जाहली, तो डबा कोणासही सापडला नाही.

“माग लावायला काहीच नाही?” जोरीबाईंनी पुसिले.

“नकाशा आहे. सगळ्यांकडे आहे. तरीही सापडत नाही,” कप्तान म्हणाले, आणि मग त्यांनी जाहीर केले की, पाच वाजता निशाण उतरते, त्यापूर्वी डबा आणावा, आत जे निघेल ते कप्तान सर्वांसमक्ष मोठ्याने वाचील, एक अक्षर गाळणार नाही, आणि न आणिल्यास जोरीबाईंनी निशाणाखाली उभे राहोन कप्तानाचे भाषण बरोबर होते ऐसे तितक्याच मोठ्याने म्हणावे.

“कबूल,” जोरीबाई म्हणाल्या.

“मेलीस,” शेल्बी कानात म्हणाली.

येथे आणखी एक बाब. सहा वर्षे न सापडलेल्या डब्याची वही म्हणजे कोरी वही. कोऱ्या वहीत पहिला शिक्का ज्याचा, त्याचा मान या नादात थोर, आणि अकरा वर्षांत चारशे बारा वह्यांत वॉक्वांस तो एकदाही लाभला नव्हता. म्हणोन जोरीबाईंनी चालता चालताच मातोश्रींकडे अर्ज गुदरला.

“आई, सापडला तर पहिला शिक्का मी मारू?”

“मार की. कासवाचा.”

“माझा मारणार.”

“उलटा घोडा? पहिल्या पानावर? जोरी, लोक म्हणतील वॉक्वांना कोरता येत नाही.”

“लोक म्हणजे कोण? निवडुंग?”

“मी,” मातोश्री म्हणाल्या, आणि तो विषय तेथे तहकूब जाहला, परंतु मिटला नाही.

मग फौज निघाली. पहिला डबा सोपा, पश्चिमेस पहारेकऱ्यांचे पडलेल्या कोठडीची जी पायरी तेवढी उरली तिच्याखाली, तो कोणासही मिळतो. आत टटलबाईंनी कोरलेला शिक्का, आणि त्या शिक्क्याचा ठसा हाच दुसऱ्या डब्याचा नकाशा. जोरीबाईंनी ठसा वहीत उमटविला: वर उत्तरेचा बाण, मध्ये कोठार, दोहो बाजूंस तीन तीन धुराडी, आणि डावीकडील, म्हणजे पश्चिमेच्या, शेवटल्या धुराड्याशी फुली. पहिला डबा पुढील शोधणारांकरिता झाकोन ठेवणे प्राप्त होते, परंतु उतावळीने जोरीबाईंनी शिक्का न पुसता, न ठेवता, तैसाच खिशात घातला, घोड्याशेजारी. हा अपराध खरा. परंतु कित्येक अपराध पुढे उपयोगी पडतात, तैसे येथे जाहले.

पश्चिमेच्या शेवटल्या धुराड्यास मोर्चे लागले. सहा वर्षे शोधणारांनी तेथील दगड इतके वेळा फिरविले होते की दगडांसही आपली पाठ कोणती नि पोट कोणते ते आठवेना. टेगनीने चुलीचे भगदाडात हात घालून पाहिला, शेल्बीने फटी टॉर्चने पाहिल्या, मातोश्रींनी धुराड्यापासोन पावले मोजिली, पुन्हा मोजिली, आणि आकडा वेगळा आला म्हणोन धुराड्याकडेच रागाने पाहिले. लीलँडराव सावलीच्या शोधात एके मातीच्या उंचवट्यावर उभे राहिले, आणि तो उंचवटा नव्हे, तांबड्या मुंग्यांची राजधानी होती.

“बूट! बूट काढा माझा!”

“आधी ओरडणं बंद कर, लीलँड. मुंग्यांना वाटतं तू घाबरलास.”

“घाबरलोच आहे मी!”

ऐसा घनघोर संग्राम जाहला, आणि तीर्थरूपांचा डावा बूट रणात पडला, आणि आत मुंग्यांनी इतकी वस्ती केली की तो परत घेणे कोणासही उचित वाटेना. तीन वाजले, साडेतीन वाजले, मग चार. पाणी कोमट जाहले. सहा वर्षांत कित्येक थोर शोधणारे जेथे हरले तेथेच आपणही हरलो, ऐसा रंग दिसो लागला.

“आत्ताच प्रॅक्टिस कर,” टेगन म्हणाली. “म्हण, कप्तानसाहेब, आपलं भाषण बरोबर होतं.”

“दात दाखवून म्हण,” शेल्बी म्हणाली. “फुकटात तपासतील.”

जोरीबाई हसल्या नाहीत. ओठ आवळोन त्या दगडावर बसल्या. निशाणाखाली उभे राहणे एक वेळ चालेल. परंतु आपल्या आज्या पणज्यांच्या नावावर जी वावटळ कोणी फुकाची लादली ती बरोबर म्हणणे, तेही अशा तोंडाने जे आता कोठे उघडले आहे, हे बाईंच्या गळ्याखाली उतरेना. मग हातास काही उद्योग असावा म्हणोन, आणि अपराध आठवला म्हणोन, त्यांनी टटलबाईंचा शिक्का खिशातून काढिला आणि ओल्या फडक्याने पुसो लागल्या. काळी शाई निघाली, खालचे रबर उघडे पडले, आणि रबरावरचा नकाशा स्पष्ट दिसला. फुली उजवीकडे होती.

बाईंनी त्याच खिशातून आपला घोडा काढिला आणि दोन्ही रबरे शेजारी शेजारी धरिली. रबरावर घोडा उजवीकडे, गनिमावर. कागदावर डावीकडे, घराकडे. तीन दिवस खपून केलेली ती चूक, जिच्यापायी आईचे फर्मान आणि मैत्रिणींचे टोमणे सोसले, ती चूक त्यांस तळहाताच्या रेषांइतकी पाठ होती. आणि हीच चूक टटलबाईंच्या हातची, हुबेहूब, जोरीबाईंच्या हाती आली होती.

“तिनेही तेच केलं!” जोरीबाई उठल्या. “तिनेही! समोर नकाशा ठेवला आणि दिसतो तसा कोरला! कागदावर सगळं उलटं आलं!”

“काय उलटं?” टेगन म्हणाली.

“डबा पूर्वेला आहे! सहा वर्षं सगळे चुकीच्या बाजूचे दगड उचलतायत!”

“मग इतक्या लोकांत कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?”

“कसं येणार? तीन धुराडी इकडे, तीन तिकडे. उलटा केला तरी किल्ला तसाच दिसतो!”

मातोश्रींनी शंका काढिली की, इतकी वर्षे कोरणारी बाई ऐसा पोरकट प्रमाद करील हे संभवत नाही. तेव्हा एका बुटावर उभे असलेले लीलँडराव हळूच बोलते जाहले.

“रमोना, आपलं कासव आधी कुठल्या बाजूला बघणार होतं गं?”

“लीलँड, तू मुंग्या झाड.”

आणि जोरीबाई धावल्या.

आता पश्चिमेहून पूर्वेस जाण्यास मैदान ओलांडणे प्राप्त, आणि मैदानात त्या समयी, साडेचार वाजता, कप्तान क्रेनशॉ तोफ डागण्याचा खेळ दाखविणार होते. सहा शिपाई तोफेशी सज्ज, प्रेक्षक कानांवर हात ठेवोन उभे, कप्तानांची तरवार उपसलेली. इतक्यात पश्चिमेकडून धूळ उठली, आणि धुळीतून तीन कोमांची मुली आरोळ्या देत, केस मोकळे, वह्या फडकावीत थेट तोफेवर चालोन आल्या. त्यांमागे एक बाई शाईची डबी उंच धरोन, आणि त्यांमागे एक थोर पुरुष एका बुटाने, हाती काठी. शिपायांपैकी दोघे मनापासोन बाजूस जाहले. एकाने बत्ती लाविली, तोफ फुस्स करोन गप्प बसली.

“अहो, थांबा! इकडून नाही!” कप्तान ओरडले.

“सॉरी कप्तान, घाई आहे!” ऐसे म्हणोन जोरीबाई तरवार आणि तोफ यांमधील वाटेने पार जाहल्या, आणि हा खेळाचाच भाग समजोन लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि दोन्ही कुत्री कोमांचींकडे फितूर होऊन मागे धावली.

पूर्वेच्या शेवटल्या धुराड्याशी लीलँडरावांनी काठीने चुलीवर तीन ठोके दिले, कान देऊन ऐकिले, सापाची खुळखूळ नाही, फक्त एक शिंगाळा सरडा बाहेर आला आणि झोपमोड जाहल्याचे मुद्रेने निघोन गेला. मग जोरीबाईंनी चुलीचा मागला दगड हलविला, तो हलला; ओढिला, तो आला; आणि पोकळीत हात घातला तेव्हा बोटांस पत्रा लागला. गंजलेला, हिरवा, काडतुसांचा डबा. झाकण उघडिले. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही, शिक्का, आणि घडी घातलेला कागद. वही कोरी होती. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेस टटलबाईंनी पेन्सिलीने एकेक लहान धुराडे रेखिले होते, आणि डावीकडील जागा शिक्क्यांकरिता मोकळी. डब्याचा शिक्का पाहिला तर त्यात कोरली होती एक घोड्यांची दावण. दोर होते, खुंटे होते, घोडा एकही नव्हता.

“हे काय चित्र झालं?” शेल्बी म्हणाली.

इतक्यात कप्तान धापा टाकीत पोचले, मागोमाग शिपाई आणि प्रेक्षक. पाचास दहा मिनिटे कमी होती. कप्तानांनी चष्मा चढविला, कागद उलगडला, आणि दिला शब्द पाळोन मोठ्याने वाचो लागले. त्यातील मजकूर येणेप्रमाणे: सन अठराशे बहात्तर, एप्रिल, रविवार. किल्ल्याचे सर्व लोक मैदानात पायी कवायतीस उभे असता ओढ्याचे अंगाने नऊ कोमांची आले. आमची सर्व जनावरे, घोडे व खेचरे मिळोन चौतीस, घेऊन गेले. उभयपक्षी गोळी सुटली नाही. आमच्या तुकडीने पाठलाग केला, ओढ्यापर्यंत, पायी. परत येऊन पाहतो तो जेवण थंड. त्याखाली टटलबाईंची टीप, की रोजनिशीत यापूर्वी व यानंतर कोमांची किल्ल्यावर आल्याची नोंद नाही. आणि शेवटी बाईंची आणखी एक ओळ, की हे सांगावयास मजला फार वर्षे लागली, वाचील त्याने मोठ्याने वाचावे.

मग मागून एक म्हातारे गृहस्थ खो खो हसले, मग त्यांची बायको, मग अवघे प्रेक्षक, आणि सरतेशेवटी ते घोडा नसलेले सहा घोडेस्वार. टेगन गवतावर आडवी पडोन हसली.

“पायी!” ती म्हणाली. “पाठलाग! पायी!”

कप्तान हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, डोईची टोपी काढिली, घाम पुसला.

“म्हणजे चालून आले अशी तारीखच नाही,” ते म्हणाले. मग घड्याळ पाहिले. “थांबा. आहे. आजची. साडेचार. तोफेच्या तोंडावरून गेलात, मी स्वतः साक्षीदार आहे. पुढल्या शनिवारपासून हेच सांगणार.”

“दोन्ही सांगा,” जोरीबाई म्हणाल्या. “घोड्यांचं आधी.”

“घोड्यांचं आधी,” कप्तानांनी कबूल केले.

आता राहिला शिक्का. मातोश्रींनी शाई लावोन कासव पुढे धरिले. जोरीबाईंनी कासवाकडे पाहिले, मग पानाकडे. उजव्या कडेस धुराडे, म्हणजे किल्ला. सुलटा कोरलेला घोडा तेथे उमटविला असता तर तो धावत किल्ल्याच्या चुलीत शिरला असता. बाईंनी खिशातून गुलाबी रबर काढिले, शाईवर दाबिले, मग पहिल्या कोऱ्या पानावर दाबिले, आणि उचलिले. घोडा किल्ल्याकडे पाठ करोन, आयाळ उडवीत, डावीकडे निघाला होता, जैसे ते चौतीस निघाले तैसा.

“एकच?” शेल्बी ओरडली. “चौतीस होते!”

मातोश्रींनी सांगावयास तोंड उघडिले की, एका वहीत एका शोधणाराचा एकच शिक्का हा दस्तूर आहे. परंतु तोंड उघडेच राहिले, कारण कप्तान क्रेनशॉ गुडघे टेकोन शाईची डबी धरोन बसले होते आणि मोजीत होते. दोन, तीन, चार. पहिले पान भरले, दुसरे भरले, तिसरे भरले, घोड्यांमागोन घोडे, काही दाट, काही शाई संपत आल्याने फिके, लांबवरचे वाटावे ऐसे. चौतिसावा उमटला आणि लोकांनी टाळ्या दिल्या. मातोश्रींनी ती पाने पुष्कळ वेळ पाहिली. मग खाली वाकोन, सर्वांच्या मागे, कोपऱ्यात, त्यांनी कासव उमटविले. तेही डावीकडेच तोंड करोन होते, घोड्यांमागे रखडत निघालेले, आणि लीलँडराव काही बोलणार होते ते बोलले नाहीत.

येणेप्रमाणे शनिवारी सायंकाळी पाच वाजता किल्ले ब्रॅनॉक नुमुनू लोकांचे हाती आला. नुमुनू म्हणजे कोमांचींचे आपल्या बोलीतील आपले नाव. फौज पाच, कुत्री दोन. शत्रूपक्षी जखमी कोणी नाही, मिशी एक वितळली. स्वपक्षी मुंग्यांचे दंश तेवीस, बूट एक कामास आला. लूट म्हणोन दावणीचा ठसा एक, जोरीबाईंचे वहीत. डबा होता तैसा झाकिला, पहिल्या डब्याचा पुसलेला शिक्का पायरीखाली परत ठेविला, निशाण उतरले, आणि कोणाचेही भाषण बरोबर होते ऐसे कोणी म्हटले नाही. या फत्तेचा हा दाखला, साक्षीस सहा धुराडी.

मग स्वारी उत्तरेस परतली. सूर्य डाव्या हातास कलता, टेगन व शेल्बी एकमेकींचे खांद्यावर झोपल्या, आणि तांबड्या नदीचा पूल दिसो लागला. मातोश्रींनी पुढून आरशात पाहोन, पूर्वीच्या फर्मानाची याद दिली, आवाज मात्र फर्मानाचा नव्हता.

“नवीन रबर आणून ठेवलंय घरी. मोठं. उद्या बसू दोघी, मी दाखवते सुलटा कसा कोरायचा.”

लीलँडरावांनीही मान डोलाविली की, होय, हात बसला आहे, आता छान होईल.

जोरीबाई ताठ बसल्या. त्यांनी गुलाबी रबर मुठीत घेतले, बुटाच्या नाडीकडे पाहिले नाही, थेट आरशात पाहिले, आणि गाडी पुलावर चढत असता मातोश्री व तीर्थरूप उभयतांस आपला निश्चय जाहीर केला.

“आई, बाबा, यापुढे माझा शिक्का वेगळा. आणि घोडा परत कोरणार नाही. घरी चाललाय तो, जाऊ दे.”